सर, एरर आला

नईम सर विद्यार्थ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. लॅबमध्ये कुठून तरी "सर, एरर आला" अशी हाक यायची. सर गुडघ्यावर हात ठेवून हळू उठायचे, एक बारीकसा उसासा टाकायचे आणि निळं प्लास्टिकचं स्टूल उचलून त्या पोराच्या शेजारी नेऊन ठेवायचे. बसायचे. दोन्ही हात काखेत दाबून घ्यायचे, एप्रिलच्या उन्हातसुद्धा, थंडी वाजत असल्यासारखे. मग विचारायचे, "काय म्हणून राहिला तो?"

'तो' म्हणजे कम्प्युटर. पोरगं म्हणायचं, "एरर म्हणतो, सर."

"ते तर मी बी ऐकलं. पुरं काय म्हणून राहिला ते वाच. खालून वाच. खाली काय झालं ते लिहिलेलं असतं, त्याच्या वर कुठं झालं ते."

आमच्याकडं येणारी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतली. लाल अक्षरातलं इंग्रजी दिसलं की त्यांची नजर आपोआप बाजूला व्हायची. सर म्हणायचे, "घाबरू नको. तो शिव्या देऊन राहिला न्हाई, पत्ता सांगून राहिला. सात नंबरच्या ओळीवर जा." पोरगं सातव्या ओळीवर जायचं. तिथं 'इफ'च्या ओळीशेवटी कोलनची दोन टिंबं राहिलेली असायची, किंवा खालची ओळ आत सरकवायची राहिलेली असायची. सरांना हे दारातूनच कळलेलं असायचं. तरी ते पाच मिनिटं, दहा मिनिटं, हात काखेत घालून बसून राहायचे. सापडलं की "बराबर" एवढंच म्हणायचे आणि पुन्हा गुडघ्यावर हात ठेवून उठायचे, कारण तोवर पलीकडच्या कोपऱ्यातून तीच हाक आलेली असायची.

सर मूळचे कुरुंद्याचे. वडील गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. सरांनी नांदेडला बी. एस्सी. केलं, वर कम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि सेनगावकडं येऊन एका लहानशा कॉलेजात शिकवू लागले. कॉलेजचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अशी कॉलेजं सगळीकडं सारखीच असतात. तासिका तत्त्वावर नेमणूक, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. असं पंचवीसएक वर्षं चाललं. आधी सी शिकवायचे, पुढं अभ्यासक्रम बदलला तसे पायथन शिकवू लागले. भाषा बदलली, पोरांच्या चुका बदलल्या नाहीत, असं ते म्हणायचे.

सर पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन बसले, तेव्हा मी रडवेली झाले होते. बी. एस्सी.चं दुसरं वर्ष. मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्रोग्रॅम मी जसाच्या तसा उतरवून चिकटवला होता. तिच्याकडं चालला, माझ्याकडं चालेना. अक्षर न् अक्षर तीनदा ताडून पाहिलं. सर आले, बसले, मला शेवटची ओळ वाचायला लावली. चुकीचं चिन्ह आहे, असं काहीतरी ती म्हणत होती.

"कोणतं चिन्ह?"

"अवतरणचिन्ह, सर. पण ते तर बरोबर आहे."

"खोड. अन् तुह्या हातानं लिही."

मी खोडलं आणि कीबोर्डवरून तेच चिन्ह दिलं. प्रोग्रॅम चालला. मला काही केल्या दोन्हींतला फरक दिसेना. सर म्हणाले, "मोबाइलनं ते चिन्ह वाकडं करून सजवलं होतं. आपल्याला दोन्ही जुळे दिसतेत. ह्याच्यासाठी एक सख्खं, एक परकं. दुसऱ्याचं उतरवलं तर हे आसं होतं. हातानं लिहून चुकली आसतीस तर आतापावतर सापडलं आसतं."

बोलताना त्यांचा आवाज वर जात नसे. फार तर चष्मा काढून डोळ्यांचे कोपरे दाबायचे. एका पोरानं दोन आकड्यांच्या बेरजेचा प्रोग्रॅम लिहिला, पाच आणि पाच दिले, उत्तर आलं पंचावन्न. पोरगं ओरडलं की कम्प्युटरच बिघडलाय. अख्खी लॅब हसली. सरांनी विचारलं, "दोन जीपच्या नंबरपाट्या शेजारी शेजारी धरल्या तर बेरीज होईल का?" पोरगं म्हणालं, "न्हाई. नंबर लांब होईल." "मंग तू ह्याला पाट्याच देऊन राहिला. लोकांनी टाइप केलेलं ह्याच्यासाठी निस्तं अक्षर असतं. आधी सांग की हा आकडा हाय." त्या दिवशी हेच उदाहरण त्यांनी चार वेळा, चार पोरांना दिलं. चौथ्या वेळीही पहिल्यांदाच सुचल्यासारखं. मी ते लांबून पाहत होते आणि माझाच जीव कंटाळला होता.

पदवी झाल्यावर मी त्याच लॅबमध्ये सहायक म्हणून लागले. पुसेगावाहून रोज ये-जा करायची. पुढची सहा वर्षं मी सरांच्या टेबलासमोरच्या टेबलावर बसले, म्हणून त्यांचा थकवा मला दिसला. विद्यार्थ्यांना तो दिसत नव्हता. बॅच संपली की सर डोकं मागं टेकवून डोळे मिटून बसायचे. बोलायचे नाहीत. चहा आला तरी बराच वेळ तसाच पडून राहायचा. एकदा म्हणाले, "वर्षा, मला सपनात बी कोलन दिसून राहिलेत." मी हसले. ते हसले नाहीत.

एका जूनच्या मुलाखतीला समितीत बाहेरच्या कॉलेजचे एक तरुण प्राध्यापक आले होते. ते सरांचेच विद्यार्थी, बऱ्याच आधीच्या बॅचचे. त्यांनी सरांना विचारलं, "पायथनमधल्या लिस्ट आणि टपल यांत फरक काय, सांगता येईल का?" सरांनी सांगितला. उदाहरणासकट, शांतपणे, परीक्षेला बसल्यासारखा. मी कागदपत्रं घेऊन दाराशी उभी होते. बाहेर आल्यावर मला राहवलं नाही.

"सर, त्यांना तुम्हीच शिकवलंय. सांगितलं काहून नाही?"

"त्याला आठवत आसन तर त्यालाच लाज वाटली आसती," सर म्हणाले. "अन् आठवत नसन तर माझं शिकवणं कच्चं. दोन्हीकडून मीच बोलायचं काहून?" मग घड्याळ पाहून म्हणाले, "चल. दुसऱ्या बॅचचं प्रॅक्टिकल हाय."

आता जे सांगायचं ते मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

पुसेगावात आमच्या शेजारी सुमनकाकू राहायच्या. त्या आशा कार्यकर्ती. दर महिन्याला लसीकरणाच्या दिवसाआधी कोणत्या लेकराला कोणती लस द्यायची, याची यादी त्या रजिस्टर चाळून हातानं लिहायच्या. पाच वस्त्या, पाच रजिस्टरं. त्यांची मुलगी घरच्या कम्प्युटरवर ती सगळी नावं टाइप करत होती. काकू मला म्हणाल्या, "तू येवढं शिकलीस, हे कायतरी सोपं करून दे ना." मला भारी वाटलं. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम मी लॅबमध्ये बसून लिहिला. जन्मतारखेवरून वय काढायचं आणि ज्यांची वेळ झाली त्यांची नावं छापायची. पहिल्याच महिन्यात काकूंचं दोन दिवसांचं काम एका मिनिटात झालं. त्यांनी माझ्या आईला बोलावून यादी दाखवली.

मी फाइल वाचताना पहिली ओळ सोडून दिली होती. पहिल्या ओळीत 'नाव, जन्मतारीख, वस्ती' असे मथळे असतात, ते लेकरू नसतं, म्हणून सोडायची. हे पुस्तकात असंच दिलेलं असतं. पाच फायलींपैकी चारांना मथळा होता. पाचवी टाइप करताना काकूंच्या मुलीनं तो घातलाच नव्हता. त्या फायलीत पहिल्याच ओळीवर गावातल्या रेखाच्या मुलीचं नाव होतं. माझा प्रोग्रॅम दर महिन्याला ते नाव सोडून पुढं जात होता. अशा वेळी लाल अक्षरं येत नाहीत. कम्प्युटरच्या दृष्टीनं सगळं व्यवस्थित चाललेलं असतं.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. "वर्षा, रेखाच्या पोरीची गोवराची लस राहिली बघ. यादीत नावच न्हाई आलं तिचं. मी यादी पाहून बोलावते ना. आता पोरगी तापानं फणफणून राहिली, अंगावर पुरळ उठलं. नर्सबाई मला बोलून राहिल्या."

चूक सापडायला मला दहा मिनिटं लागली. सापडल्यावर मी सरांकडं गेले आणि पहिलं वाक्य म्हणाले ते असं, "सर, त्यांनी फाइलच चुकीची केलीय. मथळाच नाही घातला."

सरांनी ऐकून घेतलं. "फायलीला काहून बोल लावून राहिली?" म्हणाले. मग उठले. "चल."

"कुठं?"

"पुसेगावला."

"आत्ता? सर, बॅच आहे."

"पोरांना सांग, आज सुट्टी."

आम्ही जीपनं गेलो. सर मागच्या फळीवर, गुडघे दुमडून, दोन बायांच्या मधे. रेखाच्या घरी पोरगी तिच्या मांडीवर होती. सरकारी दवाखान्यातून नुकतंच औषध घेऊन आले होते. पोरीचे गाल लाल, डोळे चिकटलेले. सर उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"बाई, मी कॉलेजातला मास्तर. तुमच्या लेकराचं नाव आमच्या हातून राहिलं. सुमनबाईची चूक न्हाई. आमची चूक हाय."

रेखानं मान वर केली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, शाळेत माझ्या मागं असायची. ती माझ्याकडं पाहत नव्हती. सरांना म्हणाली, "तुमी म्हातारे माणूस, तुमाला काय बोलू? मी दोन्ही टायमाला वाट पाहिली. बाकीच्यायला बोलावलं. मला वाटलं, आमचं न्हाई आलं अजून."

"व्हय," सर म्हणाले.

"मी इचारायला पायजे होतं."

"न्हाई बाई. तुमी काहून इचारायचं? आमी पाहायला पायजे होतं."

तिनं पाणी विचारलं नाही. आम्हीही थांबलो नाही.

तिथून सर सुमनकाकूंच्या ओसरीवर येऊन बसले आणि पाचही रजिस्टरं मागवली. मी लॅपटॉपवरचं एकेक नाव मोठ्यानं वाचायचं, काकूंनी रजिस्टरात बोट ठेवायचं, सरांनी दोन्हींकडं पाहायचं. सगळी नावं. उन्हं कलली तरी आम्ही तिथंच होतो. दुसरी चूक निघाली नाही. सरांनी रजिस्टर मिटलं. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी भाकरी वाढली. सरांनी अर्धीच खाल्ली.

सेनगावला परत जाताना जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. खरं तर माझं घर पुसेगावातच होतं, मला जायचं कारण नव्हतं. पण त्यांना एकटं पाठवायला नको वाटलं. मी रडत होते. म्हणाले, "सर, तुम्ही म्हणायचात, पहिलं आणि शेवटचं नाव हातानं तपासा. मी नाही तपासलं."

सर खिडकीतून बाहेर सोयाबीनकडं पाहत होते. मग म्हणाले, "ती ओळ मी पाहिली होती."

मला कळलं नाही.

"तू लिहून दाखवलं होतंस ना त्या दिवशी? बॅच संपल्यावर. पहिली ओळ सोडल्याली मला दिसली होती. मनात आलं, हिला इचारावं, समद्या फायलींना मथळा हाय का. पण इचारलं की तू फायली उघडणार, मंग मला उठून येऊन बसावं लागणार. थकलो होतो. 'चांगलं हाय' म्हणालो अन् डोळे मिटले." चष्मा काढून त्यांनी डोळ्यांचे कोपरे दाबले. "म्हणून तिथं 'आमची' म्हणालो. तुला वाचवायसाठी न्हाई म्हणालो."

पोरगी आठ-दहा दिवसांत बरी झाली. तो गोवरच होता की दुसरं काही, हे शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पुढच्या वेळी तिला लस मिळाली. रेखा पुढं माझ्याशी बोलायला लागली, पण आधीसारखी कधीच नाही. सुमनकाकू यादी पुन्हा हातानं लिहू लागल्या. मी प्रोग्रॅम दुरुस्त करून देते म्हणाले, तर म्हणाल्या, "राहू दे माय. हातानं लिहिताना प्रत्येकाचं तोंड डोळ्यांसमोर येतं."

त्यानंतर सर जास्तच थकलेले दिसू लागले. आणि थकलेले असले तरी प्रत्येक पोराला दोनदा विचारू लागले. प्रोग्रॅम चालला, उत्तर आलं, पोरगं उठायला लागलं की सर त्याला खाली बसवायचे. "चालला. मंग? बराबर हाय हे कशावरून?" पोरं वैतागायची. चाललेल्या प्रोग्रॅमवर कुणी शंका घेतलेली कुणाला आवडते?

मग ती मोबाइलची सोय आली. एररचा फोटो काढायचा, मोबाइलला दाखवायचा, तो दुरुस्त करून सगळा प्रोग्रॅमच परत देतो. एका सत्रात लॅबमधल्या हाका थांबल्या. पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. सुरुवातीला सर म्हणाले, "बरं झालं. गुडघ्यांना आराम." ते टेबलाशी बसून राहायचे. मधूनच उठून एक फेरी मारायचे, कुणाच्या तरी मागं थांबायचे. पोरगं वळून म्हणायचं, "झालं सर," आणि सर पुढं जायचे.

वर्षाअखेरीस प्रॅक्टिकल परीक्षेला मोबाइल बाहेर ठेवून घेतले. परीक्षक बाहेरचे. नियमाप्रमाणं सरांना आत थांबता येत नव्हतं. ते व्हरांड्यात खिडकीजवळ उभे होते. आत निम्म्याहून जास्त पोरं पहिल्याच प्रश्नावर अडकली. पडद्यावर लाल अक्षरं, आणि कुणीही ती वाचत नव्हतं. नुसतं पुसायचे, पुन्हा लिहायचे, पुन्हा तेच. खिडकीजवळच्या एका मुलीच्या पडद्यावर ओळीचा नंबरसुद्धा दिसत होता. सरांनी खिडकीच्या गजाला धरलं होतं. काही बोलता येत नव्हतं. वेळ संपल्यावर मला म्हणाले, "मोबाइलला दोष न्हाई. त्यांची वाचायची सवय मोडून राहिली होती, तवा मी गुडघे चोळत बसलो."

त्या जूनमध्ये त्यांनी अर्ज केला नाही. मी फोन केला, मुदत संपत आलीय म्हणून आठवण केली. म्हणाले, "आता न्हाई व्हायचं, वर्षा. रिकाम्या स्टुलावर बसायला बी ताकद लागती." ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या चाची, सेनगावातली खोली सोडून कुरुंद्याला भावाच्या घरी राहायला गेले. अधूनमधून फोन व्हायचा. लॅबचं विचारायचे, मी सांगायचे, ते "बराबर, बराबर" करायचे. पुढं पुढं तेवढंही बोलणं जड व्हायला लागलं.

हळद काढणीच्या दिवसांत ते गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी कुरुंद्याला गेले, तेव्हा गावात जिकडंतिकडं हळद शिजत होती, वासानं घसा कोरडा पडला होता. घरात पाहुणे येऊन गेले होते. चाची आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चार-पाचदाच भेटले असेन. त्यांनी माझा हात धरून जवळ बसवलं.

मग त्या म्हणाल्या, "बेटी, एक इचारू? तिकडं कॉलेजात बोलायचे का हे?"

"हो, चाची. दिवसभर."

"घरी आले की हातानंच खुणा करायचे. पानी. चहा. टीव्ही बंद कर. लेकरं लहान होती तवा अभ्यासातलं काही इचारायला जायची, तर म्हणायचे, कल. लेकरं मोठी होऊन कामाला लागली, कल काही आला न्हाई." हे त्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. "मी एकच गोष्ट दोनदा इचारली तर चिडायचे. मला वाटायचं, हा माणूस पोरायला कसा शिकवत आसन? पोरं भीत आसतीन."

मला खोटं बोलता आलं असतं. तिथंही ते असेच गप्प असायचे, चिडायचे, असं सांगितलं असतं तर त्यांना कदाचित बरं वाटलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडं पाहत होत्या.

"कुणीच भीत नव्हतं, चाची."

"एकच गोष्ट किती बार सांगायचे?"

"विचारू तितक्या वेळा."

"अन् चिडायचे न्हाई?"

"मी नऊ वर्षांत एकदाही पाहिलं नाही."

चाचींनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. बाहेर कुणीतरी हळदीची पोती उतरवत होतं, त्यांच्या हाका ऐकू येत होत्या.

"म्हंजी होतं त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "मी समजत होते, नव्हतंच."

आणि गुडघ्यावर जोर देऊन उठल्या, माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.